बत्तीस आळ्यांची माती

आये, तू गेलीस तेव्हा माझे केस काळे होते. आता मी तुझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठा झालो आहे आणि तरीही तुला लिहायला बसलं की हात पहिल्या दिवशी पाटी पुढे घेतलेल्या पोरासारखा आखडतो. तुला वाचता येत नव्हतं. मुंबईहून बाबांची पत्रं यायची ती मीच तुला वाचून दाखवायचो. बाबा गेले आणि पत्रंही थांबली. हे पत्र तुला वाचून दाखवणारं कुणी नाही. पण मास्तरकीत जन्म गेला माझा. चार कविता चालीवर म्हणायच्या असोत की मनातलं एखादं शल्य काढायचं असो, समोर कागद असल्याशिवाय मला सुचत नाही. तोंडाने तर कधीच जमलं नाही. जमलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

खाडीकडच्या तुकड्याबद्दल लिहायचं आहे. घरामागचा बांध ओलांडला की ती रेवट जमीन लागते ना, तिच्याबद्दल. मी गावच्या शाळेत लागलो त्याच्या आगेमागे थोरल्या काकांनी तिथे माडाचे बत्तीस कवाथे लावले होते. तीन वर्षांत माडाचं रोप माणसाच्या डोक्याच्या वर जायला हवं. हे कमरेच्या वर येईनात. झावळ्या अशा पिवळ्या, की हळद लावून बसवल्यासारख्या. काकांनी शेणखत घातलं, कुजकी मासळी घातली, राख घातली, मीठ घातलं. स्वतः खांद्यावरून कावडीने पाणी वाहिलं. आसपासच्या साऱ्या वाडीत माड हिरवे आणि मधेच आमचा हा पिवळा चौकोन. मिठबावात माणसं बोलायला लागली, आणि बोलणारे सगळे एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवायचे.

त्या कोपऱ्यात माझी बहीण होती. माझ्यामागून चार वर्षांनी झालेली. पाचवी पुजून झाली होती, बारसं व्हायचं होतं. त्याच्या आधीच गेली. एवढ्या लहानग्याला जाळत नाहीत, म्हणून तिला तिथे ठेवली. नाव ठेवायचंच राहिलं, म्हणून तू तिला नुसतं 'चेडू' म्हणायचीस. तिच्यावर तू गोकर्णीचा वेल लावला होतास. निळी फुलं ओसंडून यायची, पण त्यातलं एकही तू कधी देवाला नेलं नाहीस. सकाळी गोठ्याकडे जाताना बांधावर थांबून तू त्या कोपऱ्याकडे, कोनशाकडे, एकदा बघायचीस, काहीतरी पुटपुटायचीस आणि पुढे जायचीस. मी ते वीस वर्षं पाहिलं आणि वीस वर्षं न पाहिल्यासारखं केलं.

थोरले काका तुझे थोरले दीर. रीतीप्रमाणे ते तुझ्याशी थेट बोलत नसत. ते ओटीवर, तू स्वयंपाकघराच्या दारामागे आणि मधल्या उंबऱ्यावर मी. एकमेकांचा शब्द न् शब्द दोघांना ऐकू जायचा, तरी प्रत्येक वाक्य माझ्या अंगावरून जायचं. त्या दिवशी काका म्हणाले, "तुझ्या आवशीक सांग, चेडवान जागा धरलीसा. घाडी येतलो, कोनशात खिळो मारतलो, काय तां एकदा मिटान जातला."

दारामागून तू म्हणालीस, "तुझ्या काकांका इचार, आठ दिसांच्या पोराक माड खावचे दात खंय इले?"

"तुझ्या आवशीक सांग, जीभ बरी आसा."

"तुझ्या काकांका सांग, भाकरी थंड होता."

मला हसू आलं होतं. पण खिळा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. घाडी लोखंडी खिळा मंत्रून जमिनीत ठोकतो. मग आत जे कोणी असेल ते तिथल्या तिथे बांधलं जातं. ना वर येत, ना पुढच्या वाटेला लागत. काका दुष्ट नव्हते गं. त्यांना ती पोर बांधायची नव्हती, त्यांना त्यांचे माड जगवायचे होते. त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. भांडी घासता घासता तू मान वर न करता मला म्हणालीस, "तू शिकलंस मां एवढा? मगे काय तां दाखव तेंका. माझ्या चेडवाच्या छातीर खिळो मारूक देव नको."

म्हणून मी जामसंड्याला गेलो. तिथे शेतकी खात्याचे एक साहेब भाड्याच्या खोलीत राहायचे. घाटावरचे, सडपातळ, गळ्याशी बटण लावलेले. मी माडांची हकिगत सांगितली, बहिणीची नाही सांगितली. ते म्हणाले, "मास्तर, हवेत अन्न भरलेलं आहे. नत्र म्हणतात त्याला. पण झाडाला ते थेट घेता येत नाही. शेंगांच्या वर्गातल्या झाडांच्या मुळाशी जिवाणू गाठी करून राहतात. ते हवेतलं नत्र धरतात आणि मुळाला भरवतात. तुमच्या रेतीत ते नसणार. माडाच्या आळ्यात चवळी पेरा, चवळीला हे जिवाणू लावा, फुलावर आली की तिथेच गाडा. माड आपसूक उचलेल." आणि त्यांनी पुण्याहून आलेली एक चपटी बाटली माझ्या हातात दिली. आत थिजलेल्या पेजेसारखं काहीतरी, त्यावर पांढुरकी साय. मी परतीच्या तरीत ती मांडीवर धरून बसलो होतो. न दिसणारे जीव, हवेतून घास काढून दुसऱ्याच्या मुखी देणारे. मला वर्गात एखाद्या कवितेचा अर्थ अचानक उलगडावा तसं झालं होतं. साहेबांनी बजावून सांगितलेलं, की गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा, मगच त्यात हे कालवा. ते सुद्धा मी चालीवर घोकत आलो.

तू चुलीपुढे बसली आहेस. बाटली उजेडाकडे धरून बघते आहेस. "ह्येच्यात जीव आसत?"

"लाखांनी आहेत, आये."

"दिसनत नाय ते?"

"नाही दिसत."

"आणि रडतत तरी?"

मी हसून ओटीवर गेलो. दुसऱ्या दिवशी चौथीला शिकवायची कविता बघून ठेवायची होती. बसलो, आणि चालीत रमलो. परत आत आलो तर स्वयंपाकघर धुराने भरलेलं. बाळ-बाळंतिणीला देतात तशी तू निखाऱ्यांवर ओवा न् वावडिंग टाकून धुरी केली होतीस. बाटलीतलं सगळं पातेल्यातल्या ऊन गुळपाण्यात सोडलं होतंस आणि पातेल्यावर पदर धरून तो धूर आत कोंडत होतीस. मी काही बोलायच्या आत तूच मला झापलंस. "इतक्या लांबसून इले ते, गारठान. थंड पाण्यात घालतलंस तेंका? मेल्या, इवल्याशा जिवांक कोण असा ठेवता?"

मी पाण्यात बोट घातलं. चटका बसला. त्या पाण्यात आता काही जिवंत राहिलेलं नाही हे मला त्याच क्षणी कळलं. दुसरी बाटली दिवाळीआधी मिळणार नव्हती. आणि तुझा चेहरा, आये. वीस वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेलं एखादं काम पुरं केल्यासारखा तो दिसत होता.  चवळीच्या बियांना ते मेलेलं पाणी चोळलं, सावलीत वाळवलं आणि नवरात्राच्या आधी बत्तीस आळ्यांत पेरलं.

दिवाळीच्या तोंडावर साहेब स्वतः बघायला आले. काका बांधावर, तू गोठ्याच्या कुडाआड, मी साहेबांच्या मागे. चवळी उगवली होती, पण फिकट, खुरटी. साहेबांनी एक रोप उपटलं. मूळ धुतलेल्या दोऱ्यासारखं कोरं. दुसरं, पाचवं, अकरावं, सगळी कोरी. असं करत ते शेवटच्या आळ्याशी, गोकर्णीच्या वेलापाशी आले. तिथली चवळी काळीभोर हिरवी होती. रोप ओढलं तर ते मातीतून सुटेना. दोन्ही हातांनी ओढावं लागलं. मूळ वर आलं ते गाठींनी लगडलेलं. साहेबांनी त्यातली एक गाठ अंगठ्याच्या नखाने फोडली. आतून लाल निघालं. साहेबांचं नख लाल झालं.

"रगत," काका म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले.

साहेब मात्र खूश. "रक्त कसलं? हा रंग आहे म्हणजे जिवाणू कामाला लागलेत! ही गोकर्णी किती वर्षांची? वीस? ती शेंगांच्याच वर्गातली. वीस वर्षं तिने इथली माती पोसलीय. बाटलीतले मात्र मेलेले दिसतात. मास्तर, गुळाचं पाणी गरम होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "गार होतं." कुडाआड तुझ्या हातातली कळशी वाजली आणि थांबली.

"मग वाटेत गेले असतील. असू द्या. हा कोपरा हीच तुमची बाटली. वरची वीतभर माती काढा, प्रत्येक आळ्यात दोन दोन ओंजळी घाला आणि चवळी पुन्हा पेरा." एवढं सांगून ते रोप कागदात गुंडाळून ते निघून गेले.

साहेब दिसेनासे होईपर्यंत काका थांबले. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या आवशीक सांग, साहेबानच दाखवलान. बत्तिसांतलो एक हिरवो, आणि तो तेच्या उशाक. आता इचारूचा काय नाय. घाडी परवा येतलो." मी तुझ्या उत्तराची वाट पाहत उभा राहिलो.  तुझ्याकडून उत्तर न येण्याची ती पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी तू देवळात कौल लावायला गेलीस. शाळेला सुट्टी होती. आपल्याकडे भर बाराच्या वेळी अशा जागी कुणी फिरकत नाही, म्हणून मी बरोबर बाराला गेलो. वारा पडला होता. खाडीचं पाणी ओहोटीने इतकं आत गेलेलं, की किनाऱ्याचाही आवाज नाही. मी वेलाच्या मुळाशी उकिडवा बसलो आणि भीती वाटू नये म्हणून मोठ्याने कविता म्हणायला लागलो. पाखरांची की पावसाची, कुठली ते आता आठवत नाही, पण चाल अजून कानात आहे. कोयतीने माती सैल करायची, हातांनी टोपलीत भरायची. तिसऱ्या कडव्याशी अडलो. वर्गात शंभरदा म्हटलेली ओळ, पण येईना. मी गप्प झालो, आणि मग जी शांतता पडली ती रिकामी नव्हती, आये. वर्गात मी मुद्दाम अडल्याचं सोंग करतो तेव्हा मुलं जशी माझ्या तोंडाकडे बघत पुढच्या ओळीसाठी थांबतात, तसं कुणीतरी थांबलं होतं. फार जवळ. माझ्या गुडघ्याच्या उंचीवर.

मी ती ओळ रचून म्हटली, खोटीच, मनाला येईल ती. मगच हात पुन्हा चालले. वीतभराच्या खाली मी गेलो नाही, हे तुला शपथेवर सांगतो. हाताला काही लागलं नाही. माती मात्र ऊन होती; वरची नव्हे, खालची. टोपल्या भरून मी एकेका आळ्याशी गेलो आणि दोन ओंजळी घातल्या. बत्तीस आळी, चौसष्ट ओंजळी. सावल्या लांब झाल्या तेव्हा कोनशात नुसता खळगा उरला होता. गोकर्णीचा वेल मी तुकडे करून सगळ्या आळ्यांवर अंथरला.

घाडी आला. तोंडात पान, काखेत पिशवी, पिशवीत खिळा. काका पुढे होऊन दाखवायला गेले आणि खळगा बघून माझ्या नावाने शिमगा करायला लागले.  घाडी चपला काढून आळ्या-आळ्यांतून फिरला. एका ठिकाणी वाकून चिमूटभर माती हुंगली, दुसऱ्या ठिकाणी हुंगली. मग काकांना म्हणाला, "खिळो एका जाग्यार मारूचो आसता. ह्यां सगळ्यांत पसारला. हय मारू, काय थय मारू?"

"मगे सगळ्यांत मार!" काका ओरडले.

"बत्तीस खिळे हाडतास? आणि बत्तीस माडांच्या मुळांत लोखंड मारून ते जगतले? तुमका माड होये काय खिळे होये, तां आधी ठरवा." पानाची पिंक टाकून तो वळला. जाताना त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत माती होती. पिशवी काखेत नीट बसवली आणि बांधावरून उतरून गेला. काका तिथेच आळ्याच्या कडेला बसले. त्यांनी पुन्हा कधी घाडीचं नाव काढलं नाही.

आणि मग स्वयंपाकघर. तू मला ताट वाढलं आहेस. समोर बसली आहेस, हात मांडीत. डोळे कोरडे. "माडांसाठी खणलंस तेका?"

बस, एवढंच विचारलंस. आणि मी, शाळेत लागल्यापासून तुझ्याशीसुद्धा पुस्तकी बोलायला लागलेला तुझा झील, ताठ बसून म्हणालो, "होय, आये. साहेबांनी सांगितलं होतं. त्या मातीत जिवाणू होते." मग मी तुला नत्राचा पाठ दिला. हवेत अन्न कसं असतं, गाठ कशी होते, लाल का दिसते. फळ्यापुढे उभा असल्यासारखा बोललो. तू सगळं ऐकून घेतलंस.  शेवटी म्हणालीस, "बरां." आणि उठून आमटीचं भांडं झाकलंस. पुढे पुष्कळ दिवस तू मला वेळेवर वाढत होतीस, आंघोळीला पाणी काढत होतीस, पण 'रे' म्हणून हाक मारत नव्हतीस.

माड उचलले. एका वर्षात पिवळेपणा गेला, दुसऱ्यात झावळ्या वाऱ्याला वाजायला लागल्या. दर हंगामाला आळ्यांतली चवळी दाट होऊन यायची. चवळीची पानं तिन्हीसांजेला मिटतात, खाली मान टाकतात. बत्तीसच्या बत्तीस आळी एकदम डोळे मिटायची. त्या वेळी तू बांधावर यायचीस. पूर्वी कोनशाकडे एकदा बघून पुढे जायचीस, आता मात्र आत उतरायचीस. या आळ्याशी थांब, त्या आळ्याशी थांब, वाकून पानांवर हात फिरव. एकदा मी कुडाआड होतो आणि तू मधोमध उभी राहून चहूकडे वळत म्हणत होतीस, "आता खंय खंय बघू गो तुका?" त्या संध्याकाळी पलीकडून ओव्याच्या धुरीचा वास आला. घरात चूल पेटलेली नव्हती. तो वास अजून येतो. सुनेला येत नाही, नातवंडांना येत नाही. मी विचारायचं सोडून दिलं आहे.

साहेबांनी ही गोष्ट चार गावांत सांगितली. लोक टोपल्या घेऊन माती न्यायला यायचे. शेजारच्या वाडीतले आले, खाडीपलीकडचे आले, वालावलचा एक बागायतदार पोफळींसाठी बैलगाडी घेऊन आला. मला वाटलं होतं, तू अडवशील. तू प्रत्येक टोपलीला हात लावायचीस आणि म्हणायचीस, "सांभाळून न्या हां." त्यांना वाटायचं, म्हातारीला मातीचं भारी कौतुक. तिथून पुढे ती माती कुठे कुठे गेली असेल, कुणाच्या आळ्यात, कुणाच्या मुळाशी, याचा हिशेब कुणाजवळ नाही. त्या माडांचं शहाळं मात्र तू मरेपर्यंत तोंडाला लावलं नाहीस. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी सांगितलं, मी काढून आणलं, तू ओठ मिटून घेतलेस आणि माझ्याकडे पाहिलंस. मी पेला खाली ठेवला. तेव्हा तरी बोलायचं होतं.

साहेबांना, काकांना, शाळेत चाळीस वर्षं मुलांना मी एकच सांगत आलो: नत्र, जिवाणू, गाठी. ते खोटं नाही. माड उभे आहेत, कुणीही येऊन बघावं. पण त्या दुपारी कोनशात बसलो तेव्हा ते जिवाणू मला आठवले सुद्धा नव्हते. मला फक्त घाडीचा खिळा दिसत होता. जागा एक असली की खिळा मारता येतो. म्हणून मी जागाच ठेवली नाही. तिला इतकी पसरली, की कुणाला कुठेच बांधता येऊ नये. शिकल्यासवरल्या मास्तराने हे कुठल्या तोंडाने बोलायचं? म्हणून तुझ्यापुढे मी ते माडांवर घातलं, आणि तू ते मानलंस. माडांसाठी मी तुझी लेक उकरली असं समजून तू मला वीस वर्षं जेवू घातलंस, आणि तसंच समजून गेलीस.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, कुणाला दाखवायचाही नाही. पुस्तकी भाषेत हे इथवर आलं, पुढचं तीत येत नाही. माडांसाठी नाय गो, आये. माका भंय वाटला, म्हणान.